होल्ट नावाच्या सुऱ्या

लायमन होल्टने मोडकी सुरी डेल्फाच्या फळीवर आपटली, तेव्हा तिच्या तंबूपुढे गिऱ्हाइकांची दाटी होती. तेवढ्यासाठीच तो थांबला होता.

"घ्या, वहिनीबाई. तुमचा चाळीस डॉलरचा माल परत आलाय."

वायोमिंगमधल्या त्या नदीकाठी दर जुलैत, बीव्हरच्या कातड्यांपायी डोंगर पालथे घालणाऱ्या जुन्या शिकाऱ्यांच्या नावाने जत्रा भरे. दोघंही तिथे त्याच काळच्या घाटाच्या सुऱ्या विकत. लायमनची तीनशेला, डेल्फाची चाळीसला. ती गिरणीच्या जुन्या करवती कापून पाती काढी, शिंगाच्या मुठी बसवी आणि पात्यावर 'होल्ट' असा ठसा मारी. नवरा वेंडेल गेल्यावरही तिने तो ठसा सोडला नाही. दिराला खुपत होतं ते हेच.

"माझ्या बापाचं नाव भंगारावर ठोकते ही," लायमन लोकांना म्हणाला. "एउसेबियो, दाखव रे हात."

मागे उभ्या मेंढपाळाच्या तळहाताला पट्टी होती. आपल्याला इथे कशाला आणलं, हे त्याला आता कळलं असावं. त्याची मान खाली होती.

"मेंढी सोलत होतो. खुब्याशी पातं तुटलं. टाके पडले."

"पिरगाळली असशील," डेल्फा फटकन म्हणाली. "नाहीतर डबा उघडला असशील तिने."

"पंचवीस वर्षं मेंढ्या सोलतोय, बाई."

डेल्फाने तुकडा उचलून उन्हात धरला. तुटल्या कडेवर पोलादाचा दाणा राखेसारखा बारीक हवा होता. तो जाड्या साखरेसारखा चमकत होता. पोलाद जळलं होतं. एप्रिलमध्ये तिचा खांदा धरला होता, आणि जत्रेआधी ढीग उरकायचा म्हणून काही पाती तिने जास्त तापून पिवळी होईतो भट्टीत राहू दिली होती. पाणी देतानाच शंका आली होती. ती तिने गिळली होती.

"चूक माझी आहे," ती म्हणाली.

"जोरात बोला की! मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"तू गप्प बस, लायमन. तुझ्याशी नाही बोलत मी."

तिने फळीवरची पहिली सुरी ओंडक्यावरच्या शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळली आणि हातोडा घातला. पातं वाकलं, मग तुटलं. दाणा बारीक होता. दुसरी घेतली. तीही चांगली. तिसरी काचेसारखी कडकन गेली आणि तुकडा गवतात उडाला. बायका-माणसं मागे सरली. फळीवर अकरा होत्या, अकराही तिने मोडल्या. चार जळक्या निघाल्या. प्रत्येक घावागणिक खांद्यातून कळ जात होती, तरी हातोडा तिने कुणाला दिला नाही.

लायमनने चांगल्यातला एक तुकडा उचलला. डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. "वेंडेलने शिकवलं वाटतं," तो पुटपुटला.

"तुझ्या बापाने शिकवलं. तू मासे धरायला जायचास तेव्हा."

त्याचा चेहरा लाल झाला. त्याने तुकडा फेकला. "पुढच्या वर्षी या कुरणात तुम्हाला जागा मिळाली तर बापाचं नाव लावणार नाही! जत्रेच्या पंचांत मी आहे."

"मग मी वाटेवर बसेन. वाट तुझ्या बापाची नाही."

तिने कमरेची सुरी म्यानासकट काढून एउसेबियोपुढे धरली. वेंडेलच्या हातची होती. त्याने ती घेतली, नखावर धार पारखली आणि परत म्यानात घालून पट्ट्यात खोचली. आभार मानले नाहीत. "हा हात आता नीट मिटत नाही," एवढं बोलून तो गेला.

तिने पुठ्ठ्यावर कोळशाने लिहिलं: एप्रिलपासून नेलेल्या सुऱ्या वापरू नका, परत आणा. पुठ्ठा तंबूच्या खांबाला बांधला. शेजारच्या तंबूतून लायमनचं हसू ऐकू येत होतं.

उरलेले दोन दिवस विकायला काही नव्हतं, तरी ती फळीमागे बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आली. तिने दोन सुऱ्या फळीवर टाकल्या आणि म्हणाली, "माझ्या पोराला दिली होती यातली एक."

डेल्फाने त्यातली पहिली सुरी उचलली आणि शेगडा उघडला.