दारात बसायला नको

मी पितळेची एक जुनी चावी आहे, आणि मला आता कुलूप नाही. मित्रांनो, हे मी रडत सांगत नाही. खुंटीवर लटकून लटकून रडणंबिडणं सगळं सुकलं.

कमळाबाईंनी म्हसळ्याच्या बाजारातून कुलूप आणलं, त्याबरोबर आम्ही दोघी आलो, मी आणि माझी बहीण. दोघींचे दात अगदी सारखे. पुढे त्यांचा मुलगा रत्नपाल बोटीवर नोकरीला निघाला. कमळाबाईंनी बहिणीला दोरीत ओवून त्याच्या हातात दिलं. "कवाबी ये. दारात बसायला नको," एवढंच त्या म्हणाल्या. मी त्यांच्या कमरेला राहिले.

बहिणीच्या गोष्टी मी फोनवरून ऐकायचे. ती इंजिनाखाली पडली, तर रत्नपालनं तिला तारेनं ओढून काढलं. एका बंदरात तिनं सोड्याच्या बाटल्या उघडल्या. तिनं बर्फ पाहिला म्हणे! मी काय पाहिलं? कमळाबाई सुपारी सोलायला जायच्या ती वाडी, आणि परत आपलं दार. हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

कमळाबाई वारल्या तेव्हा बोट भर समुद्रात होती. रत्नपालला येता आलं नाही. नंतर त्याचे फोन कमी झाले, आणि त्याची बहीण प्रांजली, शाळेत शिकवते ती, तिनंही केले नाहीत. मी तिच्या पर्समध्ये गेले.

खाऱ्या वाऱ्यानं कुलूप गंजू नये म्हणून कमळाबाई त्यात घरचं खोबरेल सोडायच्या, तेही सढळ हातानं. प्रांजलीनं तेच चालू ठेवलं. थंडीत ते तेल धुळीसकट गोठलं. मला फिरवून फिरवून ती दमली, मी वाकले, शेवटी कुलूप फोडावं लागलं. नवं आलं आणि मी आतल्या खुंटीवर गेले.

आणि एका दुपारी दारावर खुडबुड झाली. मी ओळखलं, बहीण आहे. ती नव्या कुलपात शिरेना. रत्नपाल शाळा सुटेपर्यंत पायरीवर बसून राहिला.

"आई गेली तवा आलो नाय, म्हणून बदललंस?" त्यानं विचारलं.

"कुलपात खोबरेल गोठलं रे," प्रांजली म्हणाली. "तुला सांगायचं राहून गेलं." मग जरा थांबून म्हणाली, "राहून नाय गेलं. रागात होते. नाय सांगितलं."

तो पायरीवरून उठून आत आला. तिनं चहा ठेवला.

तो परत निघाला तेव्हा प्रांजलीनं त्याच जुन्या दोरीत नवी चावी ओवून दिली. बहीण माझ्या शेजारी आली. बर्फ कसा असतो, हे तिला विचारायचं मी किती वर्षं ठरवलं होतं. अजून विचारलेलं नाही.

मित्रांनो, कुलपात खोबरेल घालू नका. आणि कुलूप बदललंत, तर लांब गेलेल्या माणसाला त्याच दिवशी कळवा, राग असला तरी. तो येईल, न येईल. पण आला तर दारात बसायला नको.