कडूबाईचं विहिरीचं रान

श्रीमंतनं बायकोला केसांना धरून गोठ्याबाहेर ओढलं आणि तिच्या पाठीत आसुडाची मूठ घातली.

“बोल, कचेरीत व्हय म्हनतीस का न्हाई?”

कडूबाईला एकच लेक, रंगू; ती नांदायला गेलेली. मुलगा हवा म्हणून श्रीमंतनं दुसरी बायको ठरवली होती. ते एकोणीसशे त्रेचाळीस साल, दुसऱ्या बायकोला कायद्याची आडकाठी नव्हती. त्या पोरीच्या बापाची अट होती, लग्नाआधी विहिरीचं रान पोरीच्या नावावर करा. पण रान कडूबाईचं. तिच्या बापानं, आसारामनं, तिला बक्षीसपत्र करून दिलेलं. पाथर्डीकडच्या त्या खडकाळ मुलखात उन्हाळाभर पाणी टिकायचं ते त्याच विहिरीला.

“मरंल ती,” ओसरीवरून सासू दगडाबाई म्हणाली. पण उठली नाही.

गाडी जुंपून तिघं तालुक्याला गेली. सब-रजिस्ट्रारनं दस्त वाचून दाखवला.

“बाई, राजीखुशीनं देताय ना?”

श्रीमंत अगदी मागं उभा होता. त्याचा श्वास तिच्या मानेवर येत होता.

“न्हाई,” ती म्हणाली. “माज्या बापानं दिल्यालं रान हाय. सवतीला न्हाई द्यायचं.”

“सायब, येडी हाय ती. म्या नवरा हाय तिचा.”

“नवरा असशील. जमीन तिची आहे. तिची मर्जी नसेल तर दस्त होणार नाही.”

श्रीमंतनं तिला फरफटत आवारात आणलं. गाडीतला दांडका उचलून तिच्या तोंडावर हाणला. दात तुटून पदरात पडले. दुसरा घाव तिनं हातावर झेलला. हाड मोडल्याचा आवाज पारावरच्या माणसांनीही ऐकला. नवराबायकोचा मामला, कुणी हललं नाही. दांडका पुन्हा वर गेला तेव्हा दगडाबाई मधे शिरली. घाव तिच्या खांद्यावर बसला. म्हातारी मटकन खाली बसली, पण सुनेपुढून सरली नाही.

“मार, मलाबी मार! तुज्या बापानं माजी जमीन अशीच हानून घेतली. म्या भ्याले, अंगठा दिला. ही न्हाई भ्याली.”

श्रीमंतनं दांडका फेकला आणि गाडी हाकीत एकटाच निघून गेला.

कडूबाईनं चूळ भरली. लाल पाणी थुंकून ती पुन्हा आत गेली.

“सायब, ल्येकीच्या नावानं लिवा. रंगूच्या.”

“बाई, आधी दवाखान्यात जा.”

“जित्ती हाय तवर लिवा.”

दस्त झाला. कडूबाईनं धड हाताचा अंगठा उठवला, साक्षीला एक दगडाबाई झाली. दुसरे मिशनच्या शाळेतले शांतवन मास्तर. स्वतःच्या कामाला आले होते, त्यांनी न सांगता टाक उचलला.

घरी जायचा प्रश्नच नव्हता. दोघी रंगूच्या गावच्या वाटेला लागल्या. उन्हं कलल्यावर एका लिंबाखाली टेकल्या. दगडाबाईनं लुगड्याचा काठ फाडून सुनेचा हात आवळून बांधला. मग फडक्यातली भाकर पाण्यात भिजवली, बोटांनी मऊ कुस्करली आणि घास घास तिच्या तोंडात घालू लागली. कडूबाई न चावता गिळत होती.