खाऱ्या गुलाबाचं कलम

मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात गुलाब तग धरत नाही, असं रोपं विकणारे सांगतात. ओंकारच्या घरामागच्या परड्यातला गुलाब त्यांचं ऐकत नसे. फूल धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखं फिकट, आणि वास घेतला तर आधी लवंग, मग समुद्र. सगळे त्याला 'खारो गुलाब' म्हणत.

ओंकारची खापरपणजी वेंगुर्ल्याहून होडीने नांदायला आली, तेव्हा शेणाच्या गोळ्यात खोचलेली त्याची काडी घेऊन आली. पुढे रीत पडली. सासू वारली की सुनेने नवी काडी आपल्या हाताने लावायची. ती धरली की जुनं झाड आपसूक वाळायचं. पाहुण्यांना इतिहास एवढाच सांगत. तोवर वारलेली सासू रोज तिन्हीसांजेला झाडाशेजारी येऊन बसते, आणि नवी काडी धरली की उठून कायमची जाते, हे सांगत नसत. उगाच चहा थंड होतो.

ओंकारचं लग्न जमत नव्हतं, म्हणून त्याची वारलेली आई लक्ष्मी अजून झाडाशेजारी बसून होती. मुलीकडून नकार आला की तो चारचौघांत तोंड पाडायचा आणि घरी येऊन मनातल्या मनात पेढे वाटायचा. आई बोलत नसे. त्याने चहात साखर जास्त घातली की तिथूनच बघायची.

यंदा झाडाला वाळवी लागली. ओंकारने आंब्या-काजूची कलमं बांधणाऱ्या बाबलीला बोलावलं. बाबलीने खोड नखाने खरवडलं.

"मूळ गेला रे. पण वर डोळो जितो आसा."

"काडी लावची नाय. आये जातली."

"मगे डोळो भरूया. दुसऱ्या मुळार तुझोच गुलाब. तुझी आवस हलूची नाय."

"मूळ खंयचा?"

"कट्टा गावात एक बंद घर आसा, तेच्या परड्यातला रानगुलाब. हापूस खाताना खालच्या रायवळाच्या मुळाक विचारतंस काय, तू कोणाचो म्हणान?"

ओंकारने कधी विचारलं नव्हतं. बाबलीने कट्ट्याहून रानगुलाबाचं मूळ आणून लावलं, जुन्या झाडाचा डोळा, म्हणजे जिवंत अंकुर, त्याच्या सालीत भरला, पट्टी बांधली. जुनं झाड वाळलं, आईची जागा ओस पडली. ओंकार रोज तिथे चहा ठेवायचा आणि गार झाला की स्वतःच प्यायचा.

डोळ्यातून लालसर कोंब फुटला त्या तिन्हीसांजेला आई आली. तोच अंबाडा, तीच कपाळावरची आठी. ओंकारचे डोळे भरले. तो पाया पडायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

आईच्या टाचांना भेगा होत्या. हे पाय कोवळे होते. पैंजण, ओली मेंदी. कमरेच्या वर आई स्वस्थ बसली होती. खाली पाय मात्र एसटीची वाट बघावी तसे चुळबुळत होते.

मग ते उठले.

आई दचकली. तिने फांदी धरली, काटे हातात मोडले, पण पाय फाटकाबाहेर पडून कट्ट्याच्या रस्त्याला लागलेही.

"आये, थांब गो!"

ओंकारने बाइक काढली आणि पहिल्या गिअरमध्ये मागे मागे गेला. आई सबंध वाट मान वळवून त्याच्याकडेच बघत होती. काळोख पडला तेव्हा तिने बोटाने खूण केली, दिवा लाव.

बंद घराला बाहेरून गंजकं कुलूप होतं. पाय पायरी चढले आणि कुलूप न उघडता आत गेले, आई त्यांच्यासोबत. ओंकार दारावर हात ठेवून उभा राहिला. आतून एका म्हातारीचा आवाज आला, लाडिक.

"इलंस गो बाय माझ्या? कितको उशीर केलंस!"

पैंजण वाजले. मग म्हातारीच्या आवाजातला लाडिकपणा गेला.

"आणि वरती ही कोणाक घेवन इलंस?"