तेलेस्फोरा मावशीला हाक मारायची नाही

मी थापा मारतो असं आमच्या गावात कुणीही सांगेल, आणि ते खरंच आहे. पण ही हकिकत मी पहिल्यांदा सांगितली तेव्हा शपथेवर होतो. समोर क्रूस होता आणि एक पाद्री यंत्रावर माझं अक्षर न् अक्षर टंकत होता, त्यामुळे भर घालायला जागाच मिळाली नाही. नंतर थोडीफार घातली असेल.

पोसो आमार्गो म्हणजे मिठाच्या माळावरची चाळीसेक घरं. दुपारी ऊन असं पडतं की शेळीची सावली शेळीला सोडून झाडाखाली जाऊन बसते. बारा ते चार सगळं गाव दारं लावून झोपतं. रात्रीची भीती शहरातल्या लोकांना. आमच्याकडे जे काही फिरतं ते भर दुपारी, टोळांसारखे किडे कर्कश ओरडत असतात तेव्हा फिरतं.

तेलेस्फोरा मावशी आमची सुईण. एक्केचाळीस साली वारली, तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. मला या जगात तिनेच ओढून आणलं, त्याबद्दल गावातले काही लोक अजून तिला दोष देतात. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं खेचराच्या दोरात तुटली होती. उरलेल्या आठ बोटांनी तिने अकराशे बाळंतपणं केली. काही जण अकरा हजार म्हणतात, पण शेळ्या धरल्या तरी या जिल्ह्यात तेवढे जीव भरत नाहीत. एकाही घरून तिने काही घेतलं नाही. बाळंतिणीजवळ मात्र चाळीस दिवस राहायची, हा तिचा हट्ट. आणि दुसरा हट्ट असा, की फाटकापाशी उभं राहून टाळ्या वाजवायच्या, आणि आतून 'पुढे या' आल्याशिवाय, बाई आत मरणाला टेकलेली असली तरी, पाऊल आत टाकायचं नाही. तशी ही आमची सगळ्यांचीच रीत, पण ती फार काटेकोर होती. तीन टाळ्या, मग थांबून एक. दोन बोटं नसल्यामुळे आवाज फुटक्या मडक्यासारखा यायचा.

तिला चॅपलमध्ये डाव्या भिंतीलगत पुरलं, आणि दुसऱ्याच दिवसापासून लोक तिच्याकडे मागायला लागले. सेहेचाळीस वर्षांत तिथे काय काय साठलं! मेणबत्त्या तर होत्याच, पण कापलेल्या वेण्या, बाळांचे बूट, कुबड्या, लग्नातले झगे, एका ट्रकची नंबरपाटी, आणि एका ड्रायव्हरचा लाकडी पाय. तो ड्रायव्हर घरी कसा गेला हे मला कुणी विचारू नये.

मग सत्याऐंशी साली बिशपांच्या कचेरीतून पत्र आलं. तेलेस्फोराला संतपद मिळावं म्हणून चौकशी होणार होती. गावाने तीन बोकड कापले. बोकड पचायच्या आत पत्राचं दुसरं पान वाचलं गेलं. त्यात नियम होता: रोमने संत म्हणायच्या आधी जिची उघड पूजा झाली, तिचं प्रकरण तिथेच बंद. थडग्यावर दिवे नकोत, नवसाच्या वस्तू नकोत, तसबिरीत डोक्यामागे वलय नको, आणि तोंडाने 'संत' म्हणणं नको.

चौकशी समितीच्या अध्यक्ष एर्मेलिंदाबाई. पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, पण आवाज निवृत्त झाला नव्हता. पत्रात चार गोष्टी होत्या, बाईंनी पाचवी स्वतःच्या पदरची जोडली. म्हणाल्या, अर्धवट पाळून भागायचं नाही, आता तिच्याकडे काहीच मागायचं नाही, मनातल्या मनातसुद्धा नाही, आणि तिला नावाने हाकही मारायची नाही. मग एकेकाला क्रूसावर हात ठेवायला लावून शपथ घातली. मी गावचा सुतार, त्यामुळे चॅपल रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. तीन गाड्या भरून सामान मी माझ्या कारखान्यात आणून रचलं, वर ताडपत्री टाकली.

ही शपथ सगळ्यांत जड कुणाला गेली असेल तर माझ्या ग्रिसेल्दाला. माझी एकुलती एक मुलगी. तिची दोन मुलं जन्मतानाच गेली होती, दोघांच्याही गळ्याला नाळेचा फास. तिसऱ्या खेपेला सातवा महिना चालू होता, नवरा ऊसतोडीला तुकुमानला गेलेला, आणि मी तिला बजावत होतो की बाई, मावशीचं नाव घेऊ नकोस. तिने पोटावर बांधलेली मावशीच्या थडग्यावरची निळी फीत सोडली आणि माझ्या हातात दिली. ती घेताना मला लाज वाटली, पण मी ती घेतली. संत आमच्या गावची होणार होती.

लोकांनी पळवाटा शोधल्याच. कुणी चॅपलमधल्या संत रामोनच्या मूर्तीला प्रार्थना करायचं आणि शेवटी हळूच म्हणायचं, 'तुम्हाला सवड नसेल तर शेजारी सांगा.' पण एर्मेलिंदाबाईंनी तेही पकडलं.

चॅपल रिकामं केल्याच्या नवव्या दिवशी टाळ्या सुरू झाल्या.

दुपारचे दोन वाजले असतील. मी खाटेवर पडलो होतो. शेजारच्या फाटकाशी तीन टाळ्या झाल्या, मग थोडं थांबून एक. फुटक्या मडक्याचा आवाज. सेहेचाळीस वर्षांनी ऐकला तरी मी लगेच ओळखला. शेजारी कुणी हूं की चूं केलं नाही. थोड्या वेळाने पुढच्या फाटकाशी तेच, मग त्याच्या पुढच्या. सगळं गाव दारामागे श्वास रोखून पडलेलं, कारण 'पुढे या' म्हणणं म्हणजे हाक मारणं, आणि हाक म्हणजे शपथ मोडणं.

चार वाजता दारं उघडली. फाटकांसमोर मिठाची पातळ खपली असते, तिच्यात अनवाणी पावलं उमटली होती. प्रत्येक फाटकाशी एकेक जोडी, बोटं घराकडे. येण्याची पावलं होती, परत जाण्याची नव्हती.

दुसऱ्या दिवशी आणखी एक जोडी, पहिलीच्या शेजारी. तिसऱ्या दिवशी आणखी एक. झाडून काढली तरी दुपारी सगळी पुन्हा उमटायची, आदल्या दिवशीच्या जोड्यांसकट. महिनाभरात एकेका फाटकासमोर जणू तीस बायका दाटीवाटीने उभ्या होत्या, हात पुढे करून, काही काम आहे का विचारत. कुत्री त्या जागेला वळसा घालून जायची. आयुष्यभर जिने एक दिवस रिकामा घालवला नाही आणि मेल्यावरही घालवला नाही, तिला आम्ही घरी बसवलं होतं. घरसुद्धा कसलं, एक फरशी.

दीड महिन्याने फादर आन्सेल्मी आले. शहरातले, किडकिडीत, पोटाने नाजूक, बरोबर टंकयंत्र. गावात धड पलंग माझ्याकडेच, म्हणून मुक्काम माझ्या घरी पडला. ते रोज सकाळी चॅपलमध्ये बसून साक्षी घ्यायचे. तेलेस्फोराला कधी दिवा लावलात? नाही, फादर. नवस बोललात? नाही, फादर. मग तिच्याबद्दल काय माहीत आहे? ऐकून आहोत, फादर. एका म्हाताऱ्याने तर 'कोण तेलेस्फोरा?' असं विचारलं, आणि त्याचं स्वतःचं नाव तेलेस्फोरो होतं. सगळं गाव देवासमोर, देवासाठी, धडधडीत खोटं बोलत होतं.

सहाव्या दिवशी आम्ही नळीने माते, म्हणजे आमच्याकडचा कडू पाल्याचा चहा, पीत असताना फादर मला म्हणाले, "इलारियोन, मी तुमची ही फाइल बंद करणार आहे."

मी विचारलं, दिवा सापडला का कुठे?

"दिवा नाही, काहीच सापडलं नाही. लोकांच्या मनात तिच्याविषयी श्रद्धा असावी लागते, तो पहिला मुद्दा. इतकं कोरडं गाव मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. तुम्ही लोक रविवारी तरी चर्चला येता ना?"

मी नळी तोंडात धरून ओढत राहिलो. बोलावं तर शपथ मोडते, न बोलावं तर मावशी जाते. ठरवलं, संध्याकाळी एर्मेलिंदाबाईंना गाठून सांगायचं.

ती संध्याकाळ फार लांब राहिली. त्याच दुपारी ग्रिसेल्दाला कळा सुरू झाल्या, दिवस भरायला तीन आठवडे असताना. मी चौकीवर धावत जाऊन हवालदाराला उठवलं. त्याने तालुक्याच्या दवाखान्याला फोन लावला. गाडी निघते म्हणाले, दोन तास लागतील. मी परत आलो तोवर ग्रिसेल्दाने खाटेची कड इतकी घट्ट धरली होती की लाकूड करकरत होतं. पाणी गेलं होतं, आणि पाठोपाठ थोडं रक्तही. पोटावर हात ठेवला तर पोर आडवं. सुताराला आडवं-उभं कळतं.

"बाबा," ती म्हणाली, "मागच्या दोन्ही वेळी असंच झालं होतं."

मी म्हटलं, गाडी येतेय. मलाच माझा आवाज पटला नाही.

आणि फाटकाशी टाळ्या वाजल्या. तीन. मग एक.

मी दारात गेलो. बाहेर पांढरं ऊन, फाटकापाशी कुणी नाही. पण माझ्या डोळ्यांदेखत मिठाची खपली हळूच मोडली, एका पायाखाली, मग दुसऱ्या. नवी जोडी. मागे दीड महिन्याची गर्दी, सगळी बोटं माझ्या दाराकडे. फादर पलीकडच्या खोलीत घोरत होते.  एका बाजूला क्रूसावर ठेवलेला हात, सगळ्या गावाची संत, आणि मी एकटा ती बुडवणार.

"बाबा," आतून ग्रिसेल्दा म्हणाली, ओरडली नाही, दमलेल्या माणसासारखं म्हणाली. "तुम्हाला संत हवी आहे की नातवंड?"

मी फाटकाकडे तोंड केलं. "पुढे या, तेलेस्फोरा मावशी."

माझ्या बगलेखालून गार वाऱ्याची झुळूक आत गेली. राखेच्या साबणाचा वास आला. आणि माझ्या कानाशी, मला सोळा वर्षांचा समजून, कुणीतरी म्हणालं, "पाणी तापव. आणि मध्ये लुडबुडू नकोस."

दार माझ्या तोंडावर बंद झालं.

मी चुलीकडे पळालो. लाकडं होती ती केब्राचोची, कुऱ्हाडीला दात दाखवणारी, तासभर तरी फुटली नसती. कारखान्यात ताडपत्रीखाली मात्र सुकी, हलकी, चाळीस वर्षं वाळलेली लाकडं होती. मी कुबड्या उचलल्या आणि गुडघ्यावर मोडून चुलीत घालायला लागलो. चौथी मोडली तेव्हा मागे फादर उभे होते, एका पायात मोजा. त्यांनी माझ्या हातातली कुबडी घेतली. तिला पत्र्याची चिठ्ठी ठोकलेली होती: 'संत तेलेस्फोरा, मी चालतो.' त्यांनी ती वाचली. ताडपत्रीखाली डोकावले. वेण्या, बूट, झगे, लाकडी पाय. 

मग त्यांनी ती कुबडी स्वतःच्या गुडघ्यावर मोडायचा प्रयत्न केला. जमेना, म्हणून मला परत दिली. म्हणाले, "आधी पाणी तापू दे."

पाण्याची घमेली मी दाराशी ठेवत होतो. दार बोटभर उघडायचं, घमेली आत ओढली जायची. मला फक्त एक हात दिसला, मनगटापर्यंत. बोटं मोजायचा मोह मी आवरला. फादरांनी मोजली. ते भिंतीला टेकून खाली बसले.

पोर रडलं तेव्हा सव्वातीन झाले होते.

गाडी चार वाजता आली. डॉक्टर तरुण, चिडका, धुळीने माखलेला. आत गेला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला. मुलगी, म्हणाला, ठणठणीत. आडवी होती, कुणीतरी बाहेरून हाताने फिरवून सरळ केली. गळ्याला नाळेचे दोन वेढे होते, ते वेळेत काढले. नाळ दोऱ्याने बांधली आहे, जुन्या पद्धतीची गाठ, अशी मी फक्त म्हाताऱ्या सुइणींकडे पाहिली आहे.

"कुठे आहेत त्या बाई?" त्याने विचारलं. "माझ्या दवाखान्यात असे हात नाहीत. मला भेटायचंय त्यांना."

मी रिकामी घमेली उचलून चुलीकडे गेलो, फादर दुसरा मोजा शोधायला लागले. 

दुसऱ्या दिवशी फादरांनी एर्मेलिंदाबाईंना बोलावलं आणि दार लावून घेतलं. बाहेर आम्हाला एवढंच ऐकू आलं, की उघड पूजा मना होती, मनातल्या मागण्याला कुणी मना केलं होतं, आणि चमत्कार मागितल्याशिवाय व्हायचा कसा. बाई बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. मग साक्षी पुन्हा घेतल्या. आता एकेक माणूस दोन-दोन तास बोलत होता, फादरांच्या यंत्राची फीत संपली. माझी साक्ष शेवटची. शपथेवर विचारलं, नाळ कुणी बांधली? सुइणीने. नाव? सांगितलं. राहते कुठे? चॅपलमध्ये, डाव्या भिंतीला, फरशीखाली. मान वर न करता त्यांनी ते सगळं टंकलं.

नवसाचं सामान त्यांनी ओळीने लिहून घेतलं. म्हणाले, लोकांनी भाबडेपणाने केलं असं मी मांडेन, त्यातून वाट निघेल. पण चमत्कार लागेल, आणि चमत्काराला डॉक्टरचा कागद लागतो की हे घडणं शक्य नव्हतं. त्यासाठी ते स्वतः तालुक्याला गेले.

कागद पोर झाल्याच्या बाराव्या दिवशी आला. फादरांनी तो पाकिटात घालून माझ्याकडे पाठवला होता, सोबत आपली एक ओळ: माफ करा, माझा इलाज चालला नाही. डॉक्टरने लिहिलं होतं की, प्रसूतीच्या वेळी अत्यंत कुशल व अनुभवी सुईण हजर होती. तिने जे केलं ते वैद्यकशास्त्राला धरूनच केलं. यात न समजण्यासारखं काहीही आढळलं नाही.

मी तो ग्रिसेल्दाला वाचून दाखवला. ती पोरीला पाजत होती. ऐकता ऐकता तिने बोट ओठांवर ठेवलं आणि पलीकडच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. फादर गेल्यापासून ती खोली रिकामी होती. पलंगावरची चादर मात्र रोज सकाळी कुणीतरी घडी करून ठेवत होतं.

"हळू वाचा, बाबा," ती म्हणाली. "तिला कशाला ऐकवायचं? अजून अठ्ठावीस दिवस राहायचंय तिला इथे."