दोघांची माघार

टेबलाच्या एका टोकाला तिचं सर्किट, दुसऱ्या टोकाला नवऱ्याचं, मधे केबल. माहितीची देवाणघेवाण करताना दोन्ही सर्किटांनी कुणाच्या घड्याळाच्या ठोक्यांवर चालायचं, यावरून नवरा-बायकोत गेला आठवडाभर जुंपली होती. घड्याळ म्हणजे नखाएवढा स्फटिक. पण भांडण असं की जणू वडिलोपार्जित जमीनच वाटायची होती. काल जेवताना दोघांनी मीठसुद्धा सासूबाईंकरवी मागितलं.

आज गिऱ्हाईक आलं होतं, जाड चष्म्याच्या बाई. "हे चाललं नाही तर काम बंद, आणि तुमची बदली दोन वेगळ्या शहरांत," असं साहेबांनी दोघांना स्वच्छ बजावलं होतं.

केबल जोडली. हिरवा दिवा लागला. बाईंनी मान डोलावली, तोच पडद्यावरचा वेगाचा आकडा घसरत गेला आणि दिवा लाल. पुन्हा सुरू केलं. पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

दोन्हीकडे फेज लॉक लूप होता. त्याचं काम साधं: समोरचे ठोके ऐकायचे, मागे पडलो तर पाय उचलायचा, पुढे गेलो तर थबकायचं. पण त्यासाठी समोरचा तरी स्वतःच्या चालीने चालायला हवा ना! इथे दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत हातात हात घालून वाहवत निघाले होते.

आणि तिला आठवलं. भांडण मिटावं म्हणून सकाळी तिनेच गुपचूप आपल्या सर्किटवरचं, घड्याळ निवडायचं बटण 'समोरच्याचं घड्याळ' या खुणेवर फिरवलं होतं. तिने नवऱ्याचं बटण पाहिलं. तेही तिथेच!

"तूसुद्धा?"

"म्हटलं जाऊ दे, तुझंच चालू दे," तो पुटपुटला.

तिला भरून आलं. पण रडायला वेळ कुठे होता? दोघं एकदमच धावले, आणि दोघांनीही आपापलं बटण 'स्वतःचं घड्याळ' वर आणलं. आता एका म्यानात दोन तलवारी. हिरवा दिवा क्षणभरही लागेना. "थांब, मीच घेते मागे." "नको, मी घेतो." दोघांनीही घेतलं, आणि दोन्ही बटणं पुन्हा 'समोरच्याचं घड्याळ' वर.

"अहो, एकजण बाहेर व्हा!" साहेब ओरडले. "चहा प्या, नाहीतर भिंत बघा, पण बाहेर!"

अर्थात नवराच निघाला. तेवढ्यातही दारात थांबून तिला म्हणाला, "तू जातेस का आधी?"

तो गेल्यावर तिने आपल्या बटणाला हात लावला नाही. त्याचं तेवढं त्याच्याच घड्याळावर फिरवलं. हिरवा दिवा लागला आणि बाईंचा चहा संपून कप धुवून आला तरी लाल झाला नाही. "पुढचं कामही यांच्याचकडे द्या," बाई म्हणाल्या, "दोघांनाही इथेच ठेवून."

साहेबांनी कपाळ पुसलं. "शेवटी घड्याळ कुणाचं चाललं?"

दाराच्या काचेला नाक चिकटवून नवरा आत डोकावत होता.

"त्याचं," ती हळूच म्हणाली. "पण बाई जाईपर्यंत त्याला सांगू नका. कळलं की आत येऊन पुन्हा माघार घेईल."