सरदार पडणारच

सौदी अरेबियातल्या जुबैलच्या एका भारतीय शाळेत, मुलींच्या विभागात, सुखदा इतिहास शिकवायची. २००६ च्या स्नेहसंमेलनात तिने आठवीच्या मुलींकडून अॅजिनकोर्टची लढाई बसवायला घेतली. एकीकडे पोलादी चिलखतं चढवलेले फ्रान्सचे सरदार, दुसरीकडे माणसाच्या उंचीची लांब धनुष्यं घेतलेले इंग्लंडचे साधे गावकरी. सरदार चिखलात रुतले, वरून बाणांचा पाऊस पडला आणि त्यांची दाणादाण उडाली. बसड्रायव्हरची मुलगी मासूमा तर रोज विचारायची, "मिस, सच में हरा दिया?"

सुखदाच्या नवऱ्याने, नागेशने, वायरिंगचे पाइप वाकवून धनुष्यं करून दिली.

संमेलन आठवड्यावर आलं आणि तालमीला दमयंतीबाई येऊन बसल्या. त्यांचे यजमान शाळा समितीचे अध्यक्ष. शिवाय कंपनीत नागेश त्या यजमानांच्याच हाताखाली टेक्निशियन. त्यांची दर्शना सरदार झाली होती.

"सुखदा, दर्शना पडायची नाही हं. बाकीच्या पडू देत. ती शेवटी झेंडा घेऊन उभी राहील."

"वहिनी, सरदार पडले म्हणून तर ही लढाई लोकांच्या लक्षात राहिली. तिला उभंच राहायचं असेल तर तिरंदाजांत घेते. तिथे कोणी पडत नाही."

"ड्रायव्हर-फिटरांच्या पोरींच्या रांगेत?"

"हो. धनुष्य ताणायला बापाचा हुद्दा लागत नाही."

दमयंतीबाई ताडकन उठल्या आणि चंदेरी कागदाच्या चिलखतातल्या दर्शनाला ओढतच घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका बिलकिस मॅडमनी बोलावलं. "सुखदा, ज़िद मत करो. एक बच्ची खड़ी रह गई तो क्या बिगड़ेगा? नहीं तो नाटक कैंसल."

"कर दीजिए. पर लड़कियों को वजह आप बताइए. मैं झूठ नहीं बोलूँगी."

कारण सांगायला मॅडम मुलींसमोर आल्याच नाहीत. नाटक रद्द झालं नाही.

घरी नागेश कावला होता. "तुझ्या नाटकापायी माझा इकामा अडकेल, इथे राहायचा परवानाच जाईल. हो म्हण आणि खलास कर."

"पाइप वाकवताना माहीत नव्हतं, कोण जिंकणार ते?"

तो न जेवताच उठला.

संमेलनाला सभागृहात फक्त बायका. पुढच्या खुर्च्यांवर साहेबांच्या, मागे कंपनीच्या बसने आलेल्या. दर्शना आईशेजारी बसली होती. मासूमाने दोरी कानापर्यंत खेचली, तिच्यामागे सगळ्या रांगेने खेचली, आणि सरदार धडाधड कोसळले. पुढच्या रांगांत चिडीचूप. मागच्या बायका मात्र उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या. दर्शनाने हात उचलले, तर आईने ते घट्ट धरून ठेवले.

मार्चमध्ये सुखदाचा करार संपायच्या वेळी बिलकिस मॅडमनी कोरा कागद पुढे सरकवला. "दो लाइन माफ़ी लिख दो, बात ख़त्म."

"माफ़ी किस बात की? सरदार गिर गए इसकी?" सुखदाने कागद तसाच परत सरकवला आणि पर्स उचलली.

करार पुढे वाढला नाही. नागेशचा इकामा शाबूत राहिला, पण त्याला कायमची रात्रपाळी लागली. एप्रिलपासून सुखदाने घरीच शिकवणी सुरू केली. पहिल्या दिवशी मासूमासकट पाच जणी सतरंजीवर येऊन बसल्या. नागेश रात्रपाळीवरून येऊन दार लावून झोपायचा. मग एका शुक्रवारी झोप अर्धवट टाकून उठला, बाजारातून फळा घेऊन आला आणि बैठकीच्या भिंतीला ठोकू लागला.

"नुसती उभी काय राहिलीस?" तो गुरगुरला. "सरळ आहे का बघ."