तीन नंबरच्या टेबलावरचा थर्मामीटर

रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर विद्यार्थ्यांचे अहवाल तपासत होते आणि शेजारी बाबा आईच्या पांढऱ्या कोटाची बाही उसवत होते. बाबांनी जन्मभर शिंपीकाम केलं. आई इंजिनिअरिंगच्या मुलांची उष्णतेची प्रयोगशाळा सांभाळायची. मी त्याच विभागात शिकवते, म्हणून ती गेल्यावर तिची प्रयोगशाळा माझ्याकडे आली. कोट मात्र मी मागून घेतला. बाही आखूड होत होती.

"कशी आहेत पोरं?" बाबांनी विचारलं.

"फारच हुशार. एकाचंही चुकलेलं नाही."

"मग चेहरा का असा?"

कारण तीन नंबरच्या टेबलावर आईचा थर्मामीटर होता. काचेच्या आतली आकड्यांची पट्टी सरकलेली, त्यामुळे तो कायम चार अंश जास्त दाखवायचा. आईने तो मुद्दाम ठेवला होता. दरवर्षी कोणीतरी धावत यायचं, "मॅडम, पाणी एकशे चारला उकळतंय!" मग आई खुलायची. "खोटं कोण बोलतंय, पाणी की काच? शोध बघू." शोधणाऱ्याकडून ती वचन घ्यायची, पुढच्या वर्गाला सांगायचं नाही. आणि पुढच्या वर्षी तो थर्मामीटर दुसऱ्या टेबलावर ठेवायची. हे तिने कुठेही लिहून ठेवलं नव्हतं.

यंदा त्या टेबलावरच्या जवळजवळ प्रत्येक अहवालात पाणी बरोबर शंभरला उकळलं होतं. वाक्यंही एकसारखी गुळगुळीत, इस्त्री करून आल्यासारखी.

"म्हणजे त्या चॅटबॉटकडून लिहून घेतलं?" बाबांनी दोरा दातांनी तोडला. "आणि प्रयोग?"

"तो केला असेलही. नसेलही. मला आता कोणाचंच काही खरं वाटत नाही."

एकच अहवाल वेगळा होता. खाडाखोडीचा, वेड्यावाकड्या अक्षरातला. पाणी एकशे चारला उकळतंय आणि शेवटी एक ओळ : असं का, ते मला कळलं नाही. लिहिणारी वर्गातली सगळ्यात सावकाश मुलगी. मुलं तिला मुंगी म्हणायची.

अहवाल माझ्याकडे येण्याआधी विभागाचा चॅटबॉट तपासायचा. बाकी सगळ्यांना त्याने भरघोस गुण दिले होते. मुंगीच्या अहवालावर त्याचा शेरा होता, "आकडे अशक्य. बनावट असण्याची शक्यता."

सोमवारी विभागप्रमुखांनी तोच अहवाल माझ्यापुढे सरकवला. "सही कर. शिस्त समितीकडे पाठवू."

"तिचं वर्ष जाईल, सर."

"जाऊ दे. अगं, हल्ली पोरं चॅटबॉटलाच सांगतात, जरा चुका घालून दे, म्हणजे खरं वाटेल. तू अजून भोळी आहेस. तुझी आई असती तर तिने डोळे मिटून सही केली असती."

"आई डोळे मिटून काहीच करायची नाही," मी म्हणाले आणि अहवाल घेऊन बाहेर आले.

पण त्यांचं बोलणं डोक्यात राहिलंच. चुकासुद्धा मागून मिळत असतील तर प्रामाणिकपणा ओळखायचा कसा? वरच्या वर्गातल्या कोणी वचन मोडलं नसेल कशावरून?

मुंगीला बोलावलं. "हे आकडे कुठून आणलेस?"

"काचेवरून."

"चॅटबॉटला विचारलं नाहीस?"

"विचारलं की. तो म्हणाला, तुझा डोळा आकड्याच्या पातळीत नसेल, म्हणून आकडा चुकीचा दिसला. मग खाली वाकून बघितलं. पाणी परत उकळलं. तरी तेच."

"सगळ्यांसारखं शंभर लिहायचं मग."

"मला शंभर दिसलंच नाही ना, मॅडम."

तिला कोणी आधी सांगितलं असतं, तर तिने कारणही लिहिलं असतं. "मला कळलं नाही" असं लिहून कोण गुण मागतं?

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वर्गाला तीन नंबरच्या टेबलाभोवती उभं केलं. विभागप्रमुखही आले. पाणी उकळलं. थर्मामीटर आत सोडला आणि आकडा वाचायला एका उंच मुलाला पुढे बोलावलं. त्याच्या अहवालातलं पाणी शंभरला उकळलं होतं.

तो वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"एकशे चार," तो म्हणाला. मग हळूच, "तेव्हाही एकशे चारच होतं, मॅडम."

"मग लिहिलं का नाहीस?"

"चॅटबॉटला विचारलं. तो म्हणाला, हे शक्य नाही, तुमची वाचण्यात चूक झाली असणार. आम्हाला वाटलं, चुकलंच असेल आमचं. तो कशाला चुकेल?"

मागून कोणीतरी पुटपुटलं, "आमचंही तसंच झालं."

मला वाटत होतं, ही मुलं आळशी आहेत. आळस परवडला असता. त्यांनी बघितलं होतं, आणि मग बघितलेलं पुसलं होतं.

विभागप्रमुख हसले. "म्हणजे उपकरणच खराब! मग पोरांची उत्तरं बरोबरच आहेत की. विषय संपला."

"सर, खराब थर्मामीटरवर बरोबर उत्तर आलं कसं?"

उद्या याच मुलांपैकी कोणी बॉयलरपुढे उभं असेल. काटा लाल पट्ट्यात गेलेला असेल, आणि ते त्या काट्याकडे पाठ करून विचारत बसतील, मला दिसतंय ते खरं आहे का?

मी मुंगीच्या अहवालावर पूर्ण गुण देऊन सही केली. तीन नंबरच्या टेबलावरच्या बाकी एकाही अहवालावर केली नाही. "पुन्हा करा. चॅटबॉटला हवं ते विचारा, पण आधी काचेला विचारा." सह्या नाकारल्याचा खुलासा माझ्याकडे लेखी मागितला आहे. तो मी देणार आहे.

घरी आले तेव्हा कोट हँगरला होता, बाही लांब केलेला. बाबांना सगळं सांगितलं.

"म्हणजे त्या काचेचं बिंग फुटलं," ते म्हणाले. "आता पुढच्या वर्षी?"

"तेच कळत नाही."

त्यांनी गळ्यातली टेप काढून माझ्यापुढे धरली. "ही ने. ताणून ताणून लांब झालीय. तुझी आई म्हणायची, तुमच्या दुकानात येणारा प्रत्येक जण बारीक होऊन जातो." ते हसले आणि मग टेप गुंडाळत बसले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत एक उपकरण खोटं बोलेल. ते टेप नसेल, कारण टेपबद्दल मी आत्ताच लिहिलं आहे, आणि जे लिहिलं जातं ते चॅटबॉट वाचतो. कोणतं असेल ते बाबांना आणि मला माहीत आहे.

इथे लिहिणार नाही.